हार्टवर्मची गोळी, थेंब की इंजेक्शन: कुठलं औषध कुठे कमी पडतं

हार्टवर्म म्हणजे डास चावल्याने कुत्र्याच्या अंगात शिरणारा आणि हृदय-फुफ्फुसाच्या धमन्यांत राहणारा जंत. त्यासाठी मिळणारी प्रतिबंधक औषधं एकमेकांशेजारी मांडून बघितली, तर खोकी बरीच दिसतात, पण आतली औषधं चारच असतात: आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन ऑक्झाइम, मॉक्सिडेक्टिन आणि सेलामेक्टिन. चारही एकाच घराण्यातली. वेळेवर, योग्य वजनाला आणि खरोखर कुत्र्याच्या अंगात गेली तर चारही चोख काम करतात. म्हणून ‘सगळ्यांत जालीम कुठलं’ हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला. प्रत्येक औषधाचा डोस नेमका कुठे वाया जातो, हे बघून ही पारख केली आहे. प्रतिबंध चालू असलेल्या कुत्र्याला हार्टवर्म झाला, तर बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

गोळी मागचा महिना धुऊन काढते

हे आधी समजून घेतलं नाही तर पुढचं सगळं चुकतं. डास चावला की हार्टवर्मची (शास्त्रीय नाव डायरोफायलेरिया इमिटिस) तिसऱ्या अवस्थेतली अळी डासाच्या सोंडेवरून कातडीवर उतरते आणि चाव्याच्या छिद्रातून आत शिरते. ३ ते १२ दिवसांत ती कात टाकून चौथ्या अवस्थेत जाते. मग कातडीखाली आणि स्नायूंमध्ये फिरत राहते आणि ५० ते ७० दिवसांच्या सुमारास पुन्हा कात टाकून कोवळा जंत बनते. त्यानंतर थोड्याच दिवसांत हे जंत रक्तातून फुफ्फुसाच्या धमन्यांत पोहोचू लागतात. मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते, नर बराच आखूड राहतो. दोघेही ५ ते ७ वर्षं जगतात. संसर्गानंतर सहा ते नऊ महिन्यांत मादी रक्तात मायक्रोफायलेरिया, म्हणजे आपली सूक्ष्म पिल्लं, सोडू लागते. दुसरा डास ते शोषून घेतो आणि चक्र पुढे चालू राहतं.

प्रतिबंधक औषध भरवशाने मारतं ते फक्त तिसऱ्या आणि चौथ्या अवस्थेतल्या अळ्यांना. १ तारखेला दिलेली गोळी मागच्या ३० दिवसांत शिरलेल्या अळ्या संपवते. पुढचा महिनाभर ती ढाल बनून उभी राहत नाही, औषध काही दिवसांत अंगातून निघून जातं. १० तारखेला शिरलेली अळी पुढच्या महिन्याच्या गोळीची वाट बघत कातडीखाली असते. ती गोळी चुकली, त्यापुढची उशिरा गेली, की अळी औषधाच्या टप्प्याबाहेर जाते. मग कितीही महागडी गोळी द्या, तो जंत धमनीत पोहोचणारच.

यातून दोन गोष्टी ओघानेच येतात. डास कमी झाले म्हणून त्याच दिवशी औषध बंद करणं चूक, कारण शेवटच्या चाव्यांचा हिशेब अजून चुकता व्हायचा असतो. आणि ‘या महिन्यात डास दिसलेच नाहीत’ हा अंदाज कुणी बांधू नये. अळी डासाच्या अंगात तयार व्हायला सुमारे २७ अंश सेल्सिअसला १० ते १४ दिवस लागतात, तापमान १४ अंशांच्या खाली गेलं की तिची वाढ थांबते. पण घराच्या कोपऱ्यातलं, गोठ्यातलं किंवा जिन्याखालचं तापमान बाहेरच्या हवामानावरून कळत नाही. अमेरिकन हार्टवर्म सोसायटी बारा महिने औषध द्यायला सांगते, आणि आमचंही मत ठामपणे तेच आहे.

खोक्यावरचं नाव पूर्ण वाचा

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो इथे. नेक्सगार्ड आणि नेक्सगार्ड स्पेक्ट्रा ही दोन वेगळी औषधं आहेत. साध्या नेक्सगार्डमध्ये फक्त अफॉक्सोलानर आहे, म्हणजे गोचीड आणि पिसवांसाठी. हार्टवर्मला त्याचा उपयोग शून्य. स्पेक्ट्रामध्ये त्याच्या जोडीला मिल्बेमायसिन आहे. तसंच सिम्पॅरिका आणि सिम्पॅरिका ट्रायो: साध्यात सॅरोलानर एकटं, ट्रायोमध्ये सॅरोलानर, मॉक्सिडेक्टिन आणि पायरँटेल. ब्राव्हेक्टोची तीन महिने चालणारी चावायची गोळी गोचिडांसाठी चांगली आहे, पण तिच्यात हार्टवर्मवरचं काहीच नाही. खोकी सारख्या रंगाची असतात, कुत्र्याचं चित्रही तसंच असतं. त्यामुळे पुढचं नाव सोडून मागच्या बाजूचे घटक वाचावेत. वर दिलेल्या चार नावांपैकी एक तरी तिथे दिसलं पाहिजे.

दुसरा घोटाळा ‘जंताच्या गोळी’चा. दर तीन महिन्यांनी दिली जाणारी पोटातल्या जंतांची गोळी म्हणजे सहसा प्राझिक्वँटेल, पायरँटेल, फेनबेंडाझोल किंवा फेबँटेल यांची जोडी. ती गोल जंत, अंकुशकृमी, पट्टकृमी यांच्यासाठी. कातडीखालून हृदयाकडे निघालेल्या अळीशी तिचा संबंध नाही. मिल्बेमॅक्ससारख्या गोळीत मिल्बेमायसिन असतं खरं, पण ती तीन महिन्यांतून एकदा दिली तर मधले दोन महिने उघडेच राहतात. हार्टवर्मसाठी तीच गोळी दर महिन्याला द्यावी लागते.

महिन्याच्या गोळ्या

हार्टगार्ड या आयव्हरमेक्टिनच्या गोळीला १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याआधी कुत्र्याला रोज डायइथाइलकार्बामाझिन द्यावं लागे, आणि दोन-तीन दिवस चुकले की संरक्षण तुटत असे. महिन्यातून एकदाच द्यायची गोळी आल्यावर हा सगळा व्याप एकदम हलका झाला. पुढे हार्टगार्ड प्लसमध्ये पायरँटेल जोडलं गेलं. मात्रा किमान ६ मायक्रोग्रॅम आयव्हरमेक्टिन दर किलोला, म्हणजे किती थोडी ते बघा: ११ किलोपर्यंतच्या कुत्र्याच्या गोळीत ६८ मायक्रोग्रॅम, १२ ते २२ किलोसाठी १३६, २३ ते ४५ किलोसाठी २७२. पिल्लू सहा आठवड्यांचं झालं की सुरू करता येते. इतक्या लहान पिल्लांना चालणारी आणि वर्षानुवर्षांच्या वापरातून पारखलेली गोळी म्हणून आम्ही तिला वरचा क्रमांक देतो.

तिची कमजोरी खाण्याच्या पद्धतीत आहे. ही गोळी चावून खाल्ली गेली पाहिजे. अधाशी कुत्रा ती अख्खी गिळतो. मग ती नीट विरघळेल याची खात्री राहत नाही. अशा कुत्र्याला तुकडे करून द्या आणि सगळे तुकडे त्याच वेळी संपले का ते बघा. काही कुत्रे तुकडा गालात धरून ठेवतात आणि पाठ वळली की गादीखाली टाकतात. चारपाच मिनिटं तिथेच थांबावं, तुकडा सांडलेला दिसला तर पूर्ण डोस पुन्हा द्यावा. या गोळीत चवीसाठी गोमांस असतं. मांसाची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला आणि ज्या घरात ते चालत नाही तिथे हे आधी माहीत हवं. पोटातल्या जंतांपैकी ती गोल जंत आणि अंकुशकृमी काढते. चाबूककृमी आणि पट्टकृमी मात्र तिच्या आवाक्यात नाहीत.

इंटरसेप्टर प्लसमध्ये मिल्बेमायसिन आणि प्राझिक्वँटेल आहे. मिल्बेमायसिनची मात्रा किमान ०.५ मिलिग्रॅम दर किलोला. चाबूककृमी आणि पट्टकृमीही यात येतात, त्यामुळे ज्या कुत्र्याच्या शौचात ते पुन्हा पुन्हा सापडतात त्याच्यासाठी हा हार्टगार्डपेक्षा सरस पर्याय. गोचिडांसाठी मात्र वेगळी सोय करावी लागते.

आता सर्वसमावेशक गोळ्या. नेक्सगार्ड स्पेक्ट्रात अफॉक्सोलानर आणि मिल्बेमायसिन. आठ आठवड्यांपुढच्या आणि किमान २ किलोच्या कुत्र्याला चालते. वजनाचे पाच गट आहेत: २ ते ३.५ किलो, ७.५ पर्यंत, १५ पर्यंत, ३० पर्यंत आणि ६० पर्यंत. सिम्पॅरिका ट्रायोत मॉक्सिडेक्टिनची मात्रा २४ मायक्रोग्रॅम दर किलोला आहे. गोचीड आणि हार्टवर्म एकाच गोळीत, एकाच तारखेला, हा या दोघींचा मोठा गुण. गोचीड दिसले की माणसाला गोळीची आठवण होते, आणि त्या आठवणीवर हार्टवर्मचा डोसही वेळेवर जातो. विसरभोळ्या घरात हे फार कामाचं ठरतं.

पण या गोळ्यांतल्या गोचिडांवरच्या घटकांमुळे काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं किंवा झटके येऊ शकतात. २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या सबंध गटाबद्दल तसा इशारा दिला होता. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही. तरीही ज्याला आधी फिट आली आहे त्याला आम्ही ही एकत्र गोळी सुचवणार नाही. त्याला हार्टवर्मसाठी साधी गोळी द्यावी आणि गोचिडांचा बंदोबस्त पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेगळा करावा.

नेक्सगार्डच्या गोळीनंतर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पूर्ण डोस पुन्हा द्यायचा असतो. इतर गोळ्यांची मुदत त्यांच्या पत्रकात दिलेली असते, ते पत्रक खोक्याबरोबर फेकू नका. ज्याला वारंवार उलटी होते त्याला भरल्यापोटी देऊन बघावं. तरीही होत असेल तर गोळीचा हट्ट सोडून थेंबांकडे वळावं.

सगळ्याच गोळ्यांना लागू होणारी एक सूचना: मोठ्या कुत्र्याची गोळी कापून दोन लहान कुत्र्यांना वाटू नका. तुकड्यात औषध सम प्रमाणात उतरलं असेलच असं नाही, आणि एका कुत्र्याच्या वाट्याला कमी आलं तर ते कळण्याचा काहीच मार्ग नाही. पिल्लाचं वजन प्रत्येक डोसाच्या दिवशी करावं. स्वतः वजनकाट्यावर उभं राहा, मग पिल्लाला घेऊन उभं राहा, दोन्हीतला फरक म्हणजे त्याचं वजन. तीन महिन्यांचं लॅब्रेडॉर दर महिन्याला तीन-चार किलो वाढतं. गेल्या महिन्यात घेतलेलं सहा गोळ्यांचं पाकीट पुढच्याच महिन्यात अपुरं पडू शकतं. वाढीच्या काळात एकेक गोळीच घ्यावी.

मानेवरचे थेंब

गोळी थुंकणाऱ्या, उलट्या करणाऱ्या कुत्र्यासाठी ही सोय. अ‍ॅडव्होकेट नावाने मिळणाऱ्या द्रावणात १० टक्के इमिडाक्लोप्रिड आणि २.५ टक्के मॉक्सिडेक्टिन असतं. ४ किलोपर्यंत ०.४ मिलिलिटर, १० किलोपर्यंत १ मिलिलिटर, २५ किलोपर्यंत २.५ आणि ४० किलोपर्यंत ४ मिलिलिटरची नळी. रेव्होल्यूशनमध्ये सेलामेक्टिन, किमान ६ मिलिग्रॅम दर किलोला.

थेंब वाया जातात ते केसांमुळे. दाट केसांच्या कुत्र्याचे केस नुसते बोटाने सारून नळी दाबली की निम्मं औषध केसांवर राहतं, वाळतं आणि संपतं. दोन खांद्यांच्या मधोमध, मानेच्या मुळाशी, दोन्ही हातांनी भांग पाडा. पांढरी कातडी स्पष्ट दिसली पाहिजे. नळीचं टोक कातडीला टेकवा आणि एका दमात रिकामी करा. मोठ्या कुत्र्याला अ‍ॅडव्होकेट एकाच जागी ओतलं तर ते ओघळून जमिनीवर जातं, म्हणून पाठीच्या कण्यावर तीन-चार ठिकाणी विभागून लावायचं. ओल्या किंवा नुकत्याच आंघोळ घातलेल्या अंगावर नको. सेलामेक्टिन लावल्यावर दोन तासांनी आंघोळ चालते. दुसऱ्या औषधाची मुदत त्याच्या पत्रकात बघा, सेलामेक्टिनची दुसऱ्याला लावू नका.

मॉक्सिडेक्टिनच्या नळीतला धोका गंभीर आहे. प्रतिबंधासाठी पूर्वी पोटातून दिल्या जाणाऱ्या मॉक्सिडेक्टिनच्या गोळीची किमान मात्रा ३ मायक्रोग्रॅम दर किलो होती. कातडीवर लावायची मात्रा २.५ मिलिग्रॅम दर किलो, म्हणजे आठशे पटींहून जास्त. ती कातडीतून हळूहळू शिरते म्हणून चालते. कुत्र्याने चाटली तर तोच डोस थेट पोटात जातो. घरात दोन कुत्रे असतील तर एक दुसऱ्याची मान चाटणार, हे गृहीत धरा. थेंब वाळेपर्यंत दोघांना वेगळ्या खोलीत ठेवा. कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींमध्ये एमडीआर१ जनुकातला दोष बऱ्याच वेळा आढळतो. अशा कुत्र्याच्या मेंदूत हे औषध सहज शिरतं. लावण्याच्या मात्रेला त्यांनाही अडचण नाही, चाटण्याला आहे.

आमच्या मते थेंब हा दुसऱ्या पसंतीचा प्रकार. गोळी पोटात गेली की नाही हे डोळ्यांनी दिसतं, कातडीत किती गेलं हे दिसत नाही.

सहा आणि बारा महिन्यांचं इंजेक्शन

प्रोहार्ट ६ आणि प्रोहार्ट १२ मध्ये मॉक्सिडेक्टिन अगदी बारीक गोलकांत बंद केलेलं असतं आणि ते कातडीखाली महिनोन्महिने झिरपत राहतं. मात्रा सहा महिन्यांसाठी ०.१७ मिलिग्रॅम दर किलो, बारा महिन्यांसाठी ०.५ मिलिग्रॅम. तारीख विसरण्याचा प्रश्नच मिटतो, आणि घरच्या माणसांवर काहीच अवलंबून राहत नाही. डोस चुकण्याची कारणं एकेक करून मोजली तर यातली निम्म्याहून अधिक या सुईने एका फटक्यात नाहीशी होतात. सतत प्रवासात असणाऱ्या घरासाठी, अनेक कुत्र्यांचं आश्रयस्थान चालवणाऱ्यांसाठी आणि गोळी हातात दिसताच पलंगाखाली दडणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी हाच पहिला पर्याय.

त्याच्या इतिहासात एक खंड आहे. प्रोहार्ट ६ वर २००४ साली दुष्परिणामांच्या तक्रारींमुळे अमेरिकेत विक्री थांबवण्याची वेळ आली आणि २००८ मध्ये ते कडक अटींसह परत आलं. बारा महिन्यांच्या प्रकाराला तिथे २०१९ मध्ये मान्यता मिळाली. अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया दुर्मीळ आहे, पण एकदा टोचलेलं परत काढता येत नाही हे ध्यानात ठेवूनच निर्णय घ्यावा. निरोगी, अंगाने भरलेल्या कुत्र्यालाच द्यायचं. आजारी, अशक्त किंवा वजन उतरत चाललेल्याला नाही. टोचल्यावर अर्धा-पाऊण तास दवाखान्यातच थांबा. तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, उलट्या, हिरड्या पांढऱ्या पडणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच सांगा. लस आणि हे इंजेक्शन एकाच दिवशी उरकू नये. प्रतिक्रिया आली तर दोष कुणाचा ते कळत नाही.

टोचणाऱ्याच्या हातून होणारी चूकही सांगायला हवी. दोन्ही प्रकारांत तयार द्रावणाचा डोस ०.०५ मिलिलिटर दर किलो, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला १ मिलिलिटर. गोलकं जड असतात आणि कुपीच्या तळाशी बसतात. प्रत्येक डोस भरण्याआधी कुपी हळुवार फिरवून ती पुन्हा मिसळावी लागतात. तसं न करता वरवरचं द्रावण ओढलं तर या कुत्र्याला कमी आणि पुढच्याला जास्त औषध जातं. हे समोर उभं राहून बघायला आणि नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही.

वाढत्या पिल्लाला हे इंजेक्शन सोयीचं नाही. सहा महिन्यांचा प्रकार सहा महिन्यांच्या वयापुढे, बारा महिन्यांचा एक वर्षापुढे. आजच्या वजनाला दिलेलं औषध चार महिन्यांनी दीडपट झालेल्या अंगाला पुरणार नाही. तोवर गोळीच बरी. आणि हे इंजेक्शन गोचीड-पिसवांवर काही करत नाही.

जनावरांच्या आयव्हरमेक्टिनचा शॉर्टकट

गुरांसाठीचं १ टक्का आयव्हरमेक्टिन इंजेक्शन स्वस्त पडतं म्हणून त्यातलेच थेंब कुत्र्याला देण्याचा सल्ला सर्रास ऐकू येतो. औषध तेच आहे, मग काय बिघडलं? गणित करून बघू. १ टक्का म्हणजे दर मिलिलिटरला १०,००० मायक्रोग्रॅम. १० किलोच्या कुत्र्याला हवेत ६०. म्हणजे ०.००६ मिलिलिटर. इन्सुलिनच्या १०० युनिटच्या सिरिंजवरची एक रेघ ०.०१ मिलिलिटरची असते, म्हणजे पहिल्याच रेघेला गरजेच्या दीडपटीहून जास्त. घाईत ०.१ मिलिलिटर गेलं तर १००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम दर किलो. एमडीआर१ दोष असलेल्या कुत्र्याला इतक्या मात्रेत बुबुळं विस्फारणं, लाळ गळणं, तोल जाणं, दिसेनासं होणं आणि पुढे बेशुद्धी येऊ शकते. यावर खास उतारा नाही, दिवसेंदिवस सलाइनवर ठेवून सांभाळावं लागतं. पाण्यात मिसळून पातळ करू म्हणाल, तर आयव्हरमेक्टिन पाण्यात विरघळत नाही. एका चमच्यात काहीच नाही आणि दुसऱ्यात सगळं, असं होतं. घोड्यांची पेस्ट त्याहून तीव्र, १.८७ टक्के.

खरजेसाठी किंवा गोचिडांसाठी एखादं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन झालं असेल तर ‘हार्टवर्मचंही झालं’ असं समजू नका. त्याने फार तर मागचा महिना साफ होतो. आणि खरजेसाठी मोठ्या मात्रेत आयव्हरमेक्टिन चालू असताना पिसवांची स्पिनोसॅड असलेली गोळी देऊ नये. दोन्ही मिळून विषबाधा होते.

सुरू करण्याआधीची चाचणी

सात महिन्यांच्या आतल्या पिल्लाला चाचणीशिवाय औषध सुरू करता येतं, कारण तेवढ्या वयात चाचणीत काही दिसणारच नाही. त्यांची चाचणी सहा महिन्यांनी, मग दरवर्षी. त्याहून मोठ्या कुत्र्याची मात्र आधी चाचणी. रक्तात भरपूर मायक्रोफायलेरिया असलेल्या कुत्र्याला मिल्बेमायसिन दिलं तर ते एकदम मरतात आणि कुत्रा शॉकसारख्या अवस्थेत जाऊ शकतो.

दवाखान्यातली अँटिजेन पट्टी प्रौढ मादीचा अंश ओळखते. संसर्गानंतर पाच-सहा महिन्यांच्या आत ती निगेटिव्हच येते. फक्त नर असतील किंवा एखादीच मादी असेल तरीही निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून जोडीला रक्तातल्या मायक्रोफायलेरियाची तपासणी हवी. नॉट पद्धतीत १ मिलिलिटर रक्त ९ मिलिलिटर २ टक्के फॉर्मॅलिनमध्ये मिसळून, सेंट्रिफ्यूज करून, तळाचा साका मेथिलीन ब्लूने रंगवून बघतात. नुसत्या थेंबभर रक्ताच्या काचेपेक्षा ही पद्धत कितीतरी भरवशाची. शिवाय सगळेच मायक्रोफायलेरिया हार्टवर्मचे नसतात. कातडीखाली राहणाऱ्या डायरोफायलेरिया रेपेन्सचेही असू शकतात, आणि या पद्धतीत त्यांची लांबी-जाडी मोजून फरक ठरवता येतो. ‘फायलेरिया दिसला’ एवढ्यावर कुणी हृदयाच्या जंताचा उपचार सुरू करत असेल तर अँटिजेन चाचणी मागून घ्या.

चाचणी पॉझिटिव्ह आलीच तर गोळ्या चालू ठेवून जंत हळूहळू मरू देणं हा मार्ग शिफारशीचा नाही. जंत तोवर धमन्या खराब करत राहतात. रीतसर उपचारात २८ दिवस डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, मग ६०, ९० आणि ९१ व्या दिवशी प्रौढ जंत मारणारं मेलार्सोमिन २.५ मिलिग्रॅम दर किलो, कमरेच्या स्नायूत खोल. हे आर्सेनिकचं संयुग आहे, सुई दुखते, आणि मेलेल्या जंतांचे तुकडे फुफ्फुसात अडकू नयेत म्हणून कुत्र्याला महिनोन्महिने पळू द्यायचं नसतं. दोरीवर बांधून शौचाला नेणं एवढीच हालचाल.

औषधाला दाद न देणारे जंत

अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्याच्या खालच्या भागात या औषधांना पुरेशी दाद न देणारे जंत प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहेत. अशा जंतांवर आयव्हरमेक्टिन किंवा मिल्बेमायसिनची एक मात्रा अपुरी पडते, मॉक्सिडेक्टिनचे काही प्रकार जास्त चांगले ठरले आहेत. त्यामुळे अशा भागात राहणाऱ्याने मॉक्सिडेक्टिन निवडावं. पण तिथेही बहुतेक संसर्ग डोस चुकल्यानेच होतात, आणि ‘औषधच लागू पडत नाही’ म्हणण्याआधी रिकाम्या पाकिटांतल्या तारखा मोजून बघाव्यात.

डास चावूच नये यासाठी पर्मेथ्रिन असलेले थेंब जोडीला वापरता येतात, घरात मांजर नसेल तरच. मांजराला पर्मेथ्रिन जीवघेणं आहे. कुंड्यांच्या ताटल्या आणि पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा पालथी करून घासा, अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. घरगुती उपाय म्हणून लसूण मात्र कुत्र्याला देऊ नका. तिने तांबड्या पेशी फुटतात आणि हार्टवर्मला काहीही होत नाही.

डोस चुकला तर

लक्षात येईल त्या क्षणी एक डोस द्या. दोन एकदम देऊ नका, मागचा महिना त्याने भरून निघत नाही. पुढचा डोस त्या दिवसापासून ३० दिवसांनी. काही दिवसांचा उशीर सहसा निभावतो. दोन डोसांमध्ये दोन महिन्यांहून जास्त अंतर पडलं असेल तर पशुवैद्यांना नेमक्या तारखा सांगा. अंतर बऱ्याच महिन्यांचं असेल तर आधी चाचणी, मग औषध, आणि सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी. चुकल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात केलेली चाचणी या चुकीबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून लसीकरणाच्या पुस्तिकेत चुकलेल्या डोसाची तारीख लिहा आणि तिच्यासमोर सात महिन्यांनंतरची चाचणीची तारीख त्याच वेळी टाकून ठेवा.